१५,३४९ किलोमीटर, तरी १७ तासांत का पोचत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिंगापूर ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे अंतर संकेतस्थळांवर १५,३४९ किलोमीटर दिसतं. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर १७ तास आणि वर तीन मिनिटं. तिकिटावर मात्र १८ तास ४० मिनिटं. शिवाय विमानांचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर याच उड्डाणाने एकदा १६,६०० किलोमीटर कापलेले दिसले. यातला खरा आकडा कोणता, आणि जाण्या-येण्याचा वेळ सारखा का नसतो?

तिन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते तीन वेगळ्या गोष्टींचे आहेत. मी वीस-बावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये आहे. विमान सुटायच्या आधी त्याने कुठून जायचं, किती इंधन घ्यायचं, किती वाजता कुठल्या बिंदूवर असायचं हे मांडून कॅप्टनच्या हातात द्यायचं, हे आमचं काम. आमच्या प्लॅनवर अंतराच्या दोन ओळी असतात, एक ग्राउंड डिस्टन्स आणि दुसरी एअर डिस्टन्स. नव्याने आलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात याच दोन ओळी छळतात. तुमचा गोंधळही त्यांच्याच जातकुळीचा आहे.

आधी १५,३४९ कुठून येतं ते पाहू. पृथ्वीच्या पाठीवर दोन बिंदूंमधली सगळ्यात जवळची वाट म्हणजे ग्रेट सर्कलचा तुकडा, भूगोलाच्या पुस्तकातलं बृहत्‌वृत्त. एरवी त्याला त्रिकोणमितीचं सूत्र लागतं, पण तुम्ही निवडलेली जोडी इतकी नामी आहे की तोंडी हिशोब होतो. सिंगापूर १.३६ उत्तर अक्षांशावर, न्यूयॉर्क ४०.६४ उत्तर अक्षांशावर. रेखांशांतला फरक जवळजवळ १७८ अंश, म्हणजे दोन्ही गावं पृथ्वीच्या पार विरुद्ध बाजूंना. अशा वेळी सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून जाते. सिंगापूरहून ध्रुवापर्यंत ८८.६४ अंश चढायचं, ध्रुवापासून न्यूयॉर्कपर्यंत ४९.३६ अंश उतरायचं. बेरीज १३८ अंश. एका अंशाला ६० नॉटिकल मैल, म्हणून ८,२८० नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून १५,३३५ किलोमीटर. कागद-पेन्सिल न घेता १४ किलोमीटरच्या फरकाने उत्तर आलं!

ते १४ किलोमीटर कुठे गेले? पृथ्वी नीट गोल नाही. ध्रुवांपाशी ती चपटी असल्यामुळे अक्षांशाचा एक अंश ध्रुवाजवळ १११.७ किलोमीटर भरतो आणि विषुववृत्ताजवळ ११०.६. संकेतस्थळं हा चपटेपणा धरून मोजतात, आपण सरसकट ६० मैल धरले. गोल पृथ्वी धरून केलेल्या हिशोबात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक राहते. प्रवाशाला त्याचं काही देणंघेणं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही फारसं नाही, कारण पुढे येणारे फरक याच्या कितीतरी पट मोठे आहेत. गंमत म्हणून आणखी एक सांगतो. विमान जमिनीपासून ११ किलोमीटर वर उडतं, म्हणजे थोड्या मोठ्या वर्तुळावर. त्यामुळे एवढ्या लांबच्या वाटेवर सुमारे २६ किलोमीटर वाढतात. ते कुठल्याच तक्त्यात धरलेले नसतात आणि कुणाचं अडतही नाही.

स्वतः मोजणार असाल तर दोन ठेचा टाळा. विमानतळांचे अक्षांश-रेखांश बहुतेक ठिकाणी अंश आणि मिनिटांत दिलेले असतात. केनेडीचा अक्षांश ४० अंश ३८ मिनिटं आहे. तो ४०.३८ असा टाकला की विमानतळ २८ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. दुसरी ठेच मी स्वतः खाल्लेली आहे. शिकाऊ असताना पश्चिम रेखांशाचं ऋण चिन्ह विसरलो. यंत्राने निमूटपणे न्यूयॉर्क किरगिझस्तानात नेऊन ठेवलं आणि अंतरही काढून दिलं. शेजारच्या सहकाऱ्याने उड्डाणाची वेळ वाचली आणि शांतपणे विचारलं, "केनेडीला इतक्या लवकर पोचायचा रस्ता आम्हालाही सांग ना."

सपाट नकाशाचंही एक सांगून टाकतो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेघ ही जवळची वाट नसते. सिडनी ते सान्तियागो पाहा. नकाशावर वाटतं की नाकासमोर पूर्वेला प्रशांत महासागर ओलांडायचा. प्रत्यक्षात साधारण ११,३०० किलोमीटरची ती वाट खाली अंटार्क्टिकाच्या दिशेने झुकते. प्रवासी खिडकीतून हिमनग पाहतात आणि विचारतात की पायलट वाट चुकला का. चुकलेला असतो तो नकाशा.

आता मुख्य मुद्दा, वारा. ताशी ९०० हा वेग विमानाचा हवेतला वेग आहे, जमिनीवरचा नव्हे. मोठी लांब पल्ल्याची विमानं ध्वनिवेगाच्या ०.८५ पटीने उडतात. ११ किलोमीटर उंचीवर, उणे ५६ अंश तापमानात, ते ताशी ९०० किलोमीटरच्या जरा वर येतं. पण ती हवाच ताशी १५० ने पूर्वेकडे सरकत असेल, तर विमान तिच्यासोबत वाहत जातं. सरकत्या पट्ट्यावर चालण्यासारखं आहे हे. पाय तितकेच हलतात, पण पट्ट्याबरोबर चाललात तर खांब भराभर मागे जातात आणि पट्ट्याविरुद्ध चाललात तर तोच खांब बराच वेळ शेजारी राहतो.

या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, असतो. ताशी २०० किलोमीटर ही त्याच्यासाठी रोजची बाब, हिवाळ्यात ३०० च्या पुढेही जातो. वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि १९२६ साली आपला अहवाल एस्परान्तो या मुद्दाम रचलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, जगभर वाचला जावा म्हणून. तो जवळपास कुणीच वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात उंचावरून पश्चिमेकडे निघालेली बॉम्बफेकी विमानं जागच्या जागी रेंगाळायला लागली, तेव्हा लोकांना हे वारे नव्याने कळले.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का, हे इथेच सुटतं. न्यूयॉर्क-लंडन अंतर ढोबळमानाने ५,५५० किलोमीटर आहे. हवेतला वेग ९०० आणि वारा ताशी १०० धरू. लंडनकडे जाताना वारा पाठीशी, वेग १,०००, वेळ ५ तास ३३ मिनिटं. परत येताना वारा तोंडावर, वेग ८००, वेळ ६ तास ५६ मिनिटं. फरक एक तास २३ मिनिटांचा. पुष्कळांना वाटतं की जाताना मिळालं ते येताना गेलं, हिशोब बरोबरीत सुटला. नाही सुटत. वारा नसता तर दोन्ही मिळून १२ तास २० मिनिटं लागली असती, इथे १२ तास २९ मिनिटं लागली. कारण समोरचा वारा तुम्हाला जास्त वेळ भेटतो. पाठचा वारा लवकर पोचवतो, म्हणजे स्वतःचा सहवासही लवकर संपवतो. वाऱ्यात जाऊन-येऊन विमान कंपनीचं नुकसानच होतं, थोडं का होईना.

वाऱ्याचा जोर कुठवर जातो याचं एक उदाहरण. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. सियारा नावाचं वादळ पाठीशी होतं. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. "म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त वेग?" असं तेव्हा मला किमान दहा जणांनी विचारलं. नाही. विमानाच्या भोवतीची हवा बरोबर धावत होती आणि त्या हवेत विमान आपल्या नेहमीच्याच वेगाने चाललं होतं.

दुसरा एक गैरसमज चिवट आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं, गाव आपणहून समोर येतं. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच आहे. धावपट्टीवर उभं असतानाही ते पृथ्वीसोबत फिरतच होतं, उडाल्यावर काही ते सुटत नाही. तसं असतं तर हेलिकॉप्टर जागेवर तरंगत ठेवून खालून गाव बदलण्याची वाट पाहिली असती.

तर आमचं खरं काम ग्रेट सर्कल काढण्याचं नाही. ते यंत्र क्षणात काढतं. आम्ही वेळेने आणि इंधनाने जवळची वाट शोधतो. समजा ९,००० किलोमीटरची सरळ वाट आहे, पण तिच्यावर सरासरी ताशी ९० चा वारा तोंडावर आहे. दुसरी वाट ९,४०० ची, वळसा घालून, पण तिच्यावर समोरचा वारा फक्त २५. पहिलीला ११ तास ७ मिनिटं, दुसरीला १० तास ४५. चारशे किलोमीटर जास्त जाऊन २२ मिनिटं वाचली. मोठं विमान तासाला सहा-सात टन इंधन पितं, म्हणजे दोन टनांहून जास्त वाचलं. आणि लांबच्या उड्डाणात जादा घेतलेल्या प्रत्येक टनामागे तीन-चारशे किलो इंधन ते ओझं वाहण्यातच जळतं, त्यामुळे खरी बचत त्याहून मोठी. म्हणून आमच्या प्लॅनवर एअर डिस्टन्सची ओळ असते. वारा जमेस धरल्यावर विमानाला हवेत किती मैल कापावे लागणार, ते तिथे दिसतं. अनुभवी डिस्पॅचर आधी तीच ओळ वाचतो, आणि तिच्या शेजारी सरासरी वाऱ्याचा आकडा, आधी 'पी' लागला तर पाठचा, 'एम' लागला तर समोरचा. 'एम ०४८' दिसलं की चहा बाजूला ठेवून दुसरी वाट शोधायची.

याचा सर्वांत देखणा नमुना दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचा. ग्रेट सर्कलने हे अंतर १२,४०० किलोमीटरच्या आसपास. एअर इंडियाचं विमान पूर्वी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या बाजूने, प्रशांत महासागरावरून नेलं. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ साडेचौदा तासांवर आला, पूर्वीपेक्षा जवळपास दोन तास कमी, कारण वारा तोंडावरून पाठीवर आला. अंतर वाढवून वेळ कमी केला, असं सांगितलं तर दुसऱ्या कुठल्या धंद्यात लोक वेड्यात काढतील.

तुमच्या १६,६०० किलोमीटरचं गुपितही हेच. ध्रुवाशेजारची १५,३४९ ची वाट सोडून त्या दिवशी विमान प्रशांत महासागरावरून पाठच्या वाऱ्यात गेलं असणार.

वाऱ्याखेरीज इतर अडथळे आहेतच. कुणाच्या आकाशातून जाता येतं हा मोठाच प्रश्न. हेलसिंकी-टोकियो हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर, सायबेरियावरून साडेनऊ तासांचं उड्डाण. फेब्रुवारी २०२२ अखेरीस रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला. दोन्ही विमानतळ जागचे हलले नाहीत, संकेतस्थळावरचं अंतर एका मीटरने बदललं नाही. फिनएअरने काही उड्डाणं उत्तर ध्रुवावरून नेली आणि प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचं प्रमाणपत्र दिलं. साडेतीन तास जास्त बसवल्याची ही भरपाई कितपत गोड वाटली असेल, ते प्रवासीच जाणोत.

तिबेटच्या पठारावरून लांबची विमानं सहसा जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर दहा हजार फुटांवर उतरावं लागतं आणि तिथे खाली जमीनच त्याहून उंच आहे. प्रवाशांच्या मुखवट्यातला ऑक्सिजन साधारण पाव तास ते वीस मिनिटं पुरतो. मग वळसा. दोन इंजिनांच्या विमानांना समुद्रावरून जाताना एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत एखादा विमानतळ गाठता आला पाहिजे, असा नियम आहे. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटांची होती, १९८५ मध्ये १२० झाली, १९८८ मध्ये १८०, आणि आताच्या काही विमानांना ३०० च्या वर परवानगी आहे. ध्रुवाकडे थंडी इतकी की इंधनाच्या टाकीचं तापमान पाहत राहावं लागतं, जेट ए-१ उणे ४७ ला गोठू लागतं. अशा कारणांनी सरळ रेघ क्वचितच सरळ राहते. लांबच्या वाटेवर ग्रेट सर्कलपेक्षा तीन ते पाच टक्के जास्त उडणं हे मी नेहमीचंच समजतो. तुमच्या १६,६०० मधली आठ टक्के वाढ तेवढी नजरेत भरणारी.

आता तिकिटावरची १८ तास ४० मिनिटं. ही हवेतली वेळ नाही. फाटकापासून विमान मागे ढकललं तिथपासून दुसऱ्या टोकाला फाटकाशी उभं राहिलं तिथपर्यंतचा हा वेळ, आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आहे, चढताना आणि उतरताना कमी असलेला वेग आहे, उतरण्याआधीच्या घिरट्या आहेत. तुमच्याच उड्डाणावर ताळा करू. १६,६०० किलोमीटर, आणि विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात वारा फारसा नसल्याने पूर्ण वाटेचा सरासरी पाठचा वारा ३५ धरू. ९३५ ने भागलं की १७ तास ४५ मिनिटं. चढ-उतारापायी २० मिनिटं वाढवा, जमिनीवरची अर्धा तास. १८ तास ३५ मिनिटं. तिकिटाशी पाच मिनिटांचा फरक.

अर्थात तिकिटावरचा आकडा त्या दिवसाच्या वाऱ्यावरून काढलेला नसतो. वेळापत्रक कित्येक महिने आधी ठरतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी सुरू होतं. मागच्या वर्षांचे वारे पाहून, बहुतेक दिवस विमान वेळेत पोचेल असा आकडा टाकतात. थोडी सैल वीण मुद्दाम ठेवलेली असते. म्हणून पाऊण तास उशिरा सुटलेलं विमान वेळेत उतरतं आणि लोक म्हणतात पायलटने वेग वाढवला. वेग ०.८५ चा ०.८६ होतो फार तर, त्यात एवढ्या लांब वाटेवरही दहा-बारा मिनिटंच मिळतात. बाकीची वेळ वेळापत्रकातल्या सैलपणाने भरून काढलेली असते.

घड्याळाच्या बाबतीत एकच पथ्य पाळा, दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत न्या, मग वजाबाकी करा. आम्ही याच वेळेला झुलू म्हणतो आणि दिवसभर तिच्यातच बोलतो, स्थानिक वेळ कुणी उच्चारली तर विचारतो, "कुठली?" सिंगापूर यूटीसीच्या ८ तास पुढे, न्यूयॉर्क उन्हाळ्यात ४ तास मागे. दुपारी १२ ला सुटलेलं विमान म्हणजे ०४:०० झुलू. त्यात १८:४० मिळवले की २२:४० झुलू, न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी संध्याकाळचे ६:४०. कागदावर प्रवास सहा तास चाळीस मिनिटांचा दिसतो. हिवाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आणखी एक तास मागे जातं, तेव्हा तेच विमान ५:४० ला उतरलेलं दिसेल. यावरून कुणी हिवाळ्यात प्रवास एक तासाने लहान होतो असं म्हणालं, तर त्याला हा परिच्छेद वाचायला द्या.

तारीखरेषेने तर पूर्ण टोपी उडते. सामोआमधलं अपिया आणि अमेरिकन सामोआमधलं पागो पागो यांत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, छोट्या विमानाने अर्ध्या-पाऊण तासाचं. सामोआने डिसेंबर २०११ मध्ये एक तारीख गाळून तारीखरेषेची बाजू बदलली. आता दोन्हीकडची घड्याळं तीच वेळ दाखवतात, तारीख मात्र एक दिवसाने वेगळी. अपियाहून मंगळवारी दुपारी निघा, पागो पागोला सोमवारी दुपारी पोचा.

तुमच्या स्वतःच्या उड्डाणाचा अंदाज हवा असेल, तर सूत्रांच्या मागे लागू नका. त्याच क्रमांकाच्या उड्डाणाचे मागच्या दोन आठवड्यांतले प्रत्यक्ष वेळ माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर मिळतात. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त सोडून मधला घ्या. तो हवेतला वेळ आहे की ब्लॉक टाइम, तेवढं आधी तपासा, नाहीतर पुन्हा तोच अर्ध्या तासाचा घोळ होईल. आणि घ्यायला कुणी येणार असेल, तर त्यांना उतरण्याची वेळ झुलूत सांगू नका. मी एकदा सांगितली होती, बायको अजून बोलून दाखवते.